शिंकायला अर्धा तास

टाकीवाल्या काकूंचं कामावर कुणीतरी आहे, ही बातमी फुटली तेव्हा इमारतीतल्या अख्ख्या मजल्याचे कान टवकारले. रोज दुपारी त्या त्याला स्वतःच्या हातानं भरवतात म्हणे! शेजारच्या वहिनींनी तर तपशीलही आणला: जाडसर, गप्प बसणारा आणि काकांपेक्षा वयानं मोठा.

तपशील सगळा खरा होता. फक्त तो माणूस नव्हता, स्पंज होता. मत्स्यालयातल्या कोपऱ्यातल्या टाकीतला, हातभर उंच, जाड जांभळ्या नळीसारखा. हे कळल्यावर काकांचा चेहरा जरा पडलाच. बायकोवर संशय घ्यायची आयुष्यातली एकमेव संधी हुकली.

काकू अठ्ठावीस वर्षं टाक्या घासतायत. पदवी नाही, पण बघायला आलेली शाळेची पोरं प्रश्न त्यांनाच विचारतात. "झाड नाही रे, जनावर आहे. पोट नाही, काळीज नाही, मेंदू नाही. अंगभर बारीक भोकं आहेत, त्यांतून पाणी ओढतो, त्यातले जिवाणू खातो आणि गाळलेलं पाणी वरच्या तोंडातून सोडतो. दिवसरात्र तेच. आमच्या ह्यांच्यासारखाच एका जागी बसून असतो, फक्त हा काम करतो."

उष्ण समुद्रात तो प्रवाळांच्या कपारीत राहतो, सावलीत आणि वाहत्या पाण्यात. म्हणून काकूंनी त्याला खडकाच्या आडोशाला, पंपाच्या झोतासमोर बसवलं होतं. सुई काढलेल्या सिरिंजनं त्याच्याजवळ खाद्याची भुकटी सोडायची, हेच ते भरवणं.

मग मत्स्यालयाच्या वरच्या मजल्यावर प्लास्टरचं काम निघालं. काकू टाक्यांसाठी झाकणं मागत राहिल्या. मत्स्यालयाचे साहेब म्हणाले, "तासाभराचं काम, झाकणं कशाला?" ते काम चार दिवस चाललं आणि चारही दिवस टाकीत धूळ उतरत राहिली. स्पंजानं तोंड मिटलं. अंगावर करडा, चिकट थर चढला.

"मेला हा," साहेब बाह्या सरसावत म्हणाले. "टाकीत कुजला तर सगळे मासे जातील. मीच उपटतो."

भीती खोटी नव्हती, काकूंनाही ती होतीच. तरी त्या मध्ये आल्या. "साहेब, हवेत नका काढू! भोकांत हवा शिरली की अडकून बसते. जिवंत असला तर तुमच्या हातात मरेल."

त्यांनी बादली पाण्यात बुडवली, खडकासकट स्पंज आतल्या आत तिच्यात सरकवला आणि पाण्यासकट उचलून शेजारच्या स्वच्छ टाकीत नेला. "उद्या दुपारपर्यंत द्या. कुजका वास आला तर मी स्वतः फेकीन."

"उद्या दुपार. मग एक मिनिटही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काकू स्टुलावर. हनुवटी टाकीसमोरच्या कठड्यावर टेकलेली, म्हणजे नजर हलायला नको. काचेवर मेणाच्या पेन्सिलीनं त्यांनी स्पंजाच्या तोंडाची कड गिरवली होती. तोंड जेमतेम बोटभर उघडं होतं. मधूनच उठून त्या पाणी हुंगत होत्या. वास नव्हता, पण तेवढ्यानं साहेब ऐकणारे नव्हते.

ठरल्या वेळी साहेब आले. "काय चाललंय?"

"शिंकेल असं वाटतंय. बसा."

"काय करेल?"

"शिंकेल. आतला कचरा असाच बाहेर काढतो तो. बसा म्हणते ना."

साहेब बसले, पण तोंड कुठलं बसतंय! ठेकेदार, सिमेंट, बजेट, आजकालचे कामगार, सगळ्यांचा समाचार घेऊन झाला. काकू काचेवरून नजर काढेनात. वीस मिनिटांनी पेन्सिलीची रेघ आणि तोंडाची कड यांत केसभर फट पडली. मग दाण्याएवढी. अख्खी नळी आक्रसत होती, घड्याळाच्या काट्यासारखी, बघताना दिसत नाही अशी. अंगावरचा करडा थर सुटला आणि शेंबडाच्या दोऱ्यांसारखा वाहून गेला. खाली जांभळा रंग लख्ख होता. तोंड हळूहळू उघडलं, ते रेघेच्याही बाहेर.

काकूंनी कठड्यावरून हनुवटी उचलली. तिच्यावर लाल वळ उमटला होता.

साहेब काचेला नाक लावून बघत राहिले. "जिवंत आहे की! मग चार दिवस मेल्यासारखा काय बसला होता?"

काकू म्हणाल्या, "धूळ उडत असताना तोंड मिटून बसायला अक्कल लागते, साहेब. ती त्याला मेंदूशिवाय आहे."