सात पोरं, सात सुऱ्या

माझा मेहुणा कुलोबा आमच्या डोंगरावरचा सुंता करणारा. हात असा हलका, की पोराला कळायच्या आत काम उरकलेलं! त्याच्याकडे आजोबांची सुरी होती. एकाचं झालं की ती नाचणीच्या बिअरमध्ये बुडवायची आणि लगेच दुसरा उभा. आम्ही सगळे 'एका सुरीचे भाऊ' म्हणून मिरवायचो.

मग त्याचा धाकटा भाऊ मासिगा एचआयव्हीनं गेला. आजारपणात आमच्याकडे बिअर एकाच मडक्यातून, लांब नळ्यांनी सगळे मिळून पितात; पण लोक त्याच्या मडक्यात नळी घालायला घाबरायचे. कुलोबा मात्र रोज त्याच मडक्यातून प्यायचा. मला म्हणाला, "दाजी, दवाखान्यात विचारून आलोय. खाण्यापिण्यानं नाही लागत. रक्तातून लागतो, संगातून लागतो, आईकडून बाळाला लागतो. पण रक्त तर माझ्या सुरीलाही लागतं की!"

पुढच्या सुंतेच्या वर्षी सतरा-अठरा वर्षांची सात पोरं तोंडाला पीठ फासून, हात वर करून अंगणात उभी. ढोल जोरात. कुलोबानं उकळलेल्या सात नव्या सुऱ्या काढल्या.

कुळातला थोरला वोपिचो ओरडला, "आजोबांची सुरी कुठाय?"

"टोपलीत. म्हातारी झाली, तुमच्यासारखी."

"सुरी वेगळी तर भाऊ कसले? बिअरमध्ये धू की!"

"तुम्ही रोज आतून बिअरनं धुताय काका, निघालं का काही?"

बायका खदखदल्या. वोपिचो लाल. "दुसरा आणतो मी सुंता करणारा!"

कुलोबा अंगणात मांडी घालून बसला. "आणा. पण एकाच्या रक्तात असलं आणि सहांना लागलं, तर त्यांच्या आयांना तोंड तुम्ही दाखवायचं."

ढोल थांबले. पहिला उभा होता वोपिचोचाच नातू वेटाका. उभं राहिलेलं पोर हललं तर जन्माची नाचक्की. मान न वळवता तो म्हणाला, "आजोबा, हात भरून आले. खाली घेतले तर नाक तुमचं कापलं जाईल. नव्या सुरीनं होऊ द्या!"

वोपिचोनं दातओठ खाल्ले. मग टोपलीतली जुनी सुरी काढून पोरांसमोर नाचणीच्या राशीवर ठेवली. "हिच्यासमोर उभे राहिलात, झालात भाऊ. कर सुरू."

सातही झाल्यावर कुलोबानं बजावलं, "सुंता म्हणजे काही चिलखत नाही रे! एचआयव्हीचा धोका कमी होतो, संपत नाही. जखम भरेपर्यंत बाईपासून लांब. पुढं निरोध, आणि दोघांचीही तपासणी."

पुढच्या खेपेला सुऱ्या उकळायला वोपिचोच बसला होता, बिअरची नळी तोंडात धरून!