चिलखताच्या आतली पट्टी

अण्णा तांबट कुणाकडेही गेले की चहाच्या आधी तिथलं एखादं भांडं उलटं करून बघत. परदेशात, हॅमिल्टनला आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा कढई पालथी करून म्हणाले, "यंत्राची आहे. वाईट नाही, पण हिला कुणाचा हात लागलेला नाही."

माझा शेजारी सतीश, त्याचे हे वडील. पुण्याच्या तांबट आळीत पन्नास वर्षं त्यांनी तांब्याचे हंडे आणि बंब हातोडीनं ठोकून मठारले. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास ते सहा महिने मुलाकडे राहायला आले होते. मुलगा-सून कामावर, नात मराठी ऐकून उत्तर इंग्रजीत देणार. अण्णांचे हात रिकामेच असत.

एकदा मला कारखान्यात सुट्टी होती, म्हणून त्यांना संग्रहालयात नेलं. तिथं युरोपातल्या एका सरदाराचं चारशे वर्षांपूर्वीचं चिलखत आलं होतं. लढाईचं नव्हे, खेळातलं. घोड्यावरून भाले रोखून दोघं एकमेकांवर धावून जायचे आणि लोक बघायचे. म्हणून काळ्या पोलादावर सगळीकडे सोन्याची वेल.

लोक पाच मिनिटांत पुढं सरकत होते. अण्णा पाऊण तास त्याच्याभोवती फिरले.

"डावी बाजू जाड का रे?"

संग्रहालयात चिलखताची देखरेख करणाऱ्या हेलनबाईंना मी विचारलं. भाला डावीकडूनच आदळायचा, त्या म्हणाल्या. पण यांना कसं कळलं, असं त्यांनीच मला विचारलं.

"कड दिसते की," अण्णा म्हणाले. "आणि बाईंना विचार, काखेखालची पट्टी नंतर कुणी बसवली?"

हेलनबाई हसल्या. चिलखत अखंड एकाच कारागिराचं होतं, तसं पाटीवरही लिहिलं होतं. अण्णांनी मान हलवली. "वेल बघा. इथली पानं बिचकत काढलीत. हात दुसऱ्याचा आहे. मला आतून दाखवा."

मी ते जरा मऊ करून सांगू लागलो, तर म्हणाले, "मी बोललो तेवढंच सांग."

दोन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. संग्रहालय बंद असताना त्यांनी आम्हाला बोलावलं, हातमोजे घालून छातीचा पत्रा उतरवला आणि आत बॅटरी धरली. दोन्ही कडांना दोन बोटं रुंद पट्टी होती, रिव्हेट मारून बसवलेली. बाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, हे कशासाठी केलं असेल?

अण्णांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. सरदाराचं पोट सुटलं होतं. मला भाषांतर करावं लागलं नाही.

"घाईचं काम आहे," ते म्हणाले. "खेळ तोंडावर आला असेल. पण बाहेरून कळू दिलं नाही शहाण्यानं."

नव्या पाटीवर अण्णांचं नाव घालायचं बाईंच्या मनात होतं.

"माझं कशाला? मी नुसतं बघितलं. ज्यानं केलं त्याचं घाला."

"त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, अण्णा."

"मग तसं लिहा म्हणावं."

पुढच्या वर्षी पुण्यात अण्णा वारले. इथून निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना नवी पाटी दाखवायला नेलं होतं. "नंतर एका अज्ञात कारागिरानं वाढवलेलं," मी मराठीत वाचलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "एवढ्या लांब आलो, आपल्यातला एक भेटला."