एक जूनची माणसं

जगात कुठलीही तारीख आपोआप खरी नसते, ती कुणीतरी खरी करून घ्यावी लागते, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा वरिष्ठ निघाला. सत्तरनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. राहुरीजवळच्या एका शेतकी संस्थेत, संख्याशास्त्र विभागात मी नुकताच लागलो होतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे समोरच्याने काहीही म्हटलं तरी "होय सर" म्हणायची मला सवय होती. वरिष्ठ केडगावहून रोज दोन बस बदलून येत आणि टेबलाशी बसण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर खिशातल्या पंचांगाशी ताडून बघत. कॅलेंडर कालचंच असे, पंचांगही तेच असे, पण त्यांचं म्हणणं असं की चूक रात्रीतून होते.

लग्नपत्रिकेत तिथी आणि तारीख जुळली नाही तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा मी बुंदीला हात घालतो तोच ते उठले आणि मुलीच्या बापाला गाठून म्हणाले, तुमची पंचमी काल झाली. तो दमलेला माणूस म्हणाला, "मग काय मांडव मोडू?" दुसऱ्या एका वेळी गाय घ्यायला ते मला घोडेगावच्या बाजाराला घेऊन गेले. विकणारा म्हणाला, गाय आवसेच्या दुसऱ्या दिवशी व्याली. यांनी पंचांग काढलं आणि कुठली अवस, किती वाजता लागलेली, असं सुरू केलं. शेवटी तो वैतागला. "मास्तर, दूध काढून बघा की. पंचांगाला काय सड हायेत व्हय?" आम्ही गाय न घेताच परत आलो, उन्हातून, सबंध रस्ता बसमध्ये उभ्याने.

अशा माणसाच्या हाती त्या वर्षी शेतकी प्रशिक्षणाला येणाऱ्या तरुणांची पाहणी आली. पाथर्डीकडचे सगळे अर्ज एका हंगामी सर्वेक्षकाने वाड्यावस्त्यांवर पायी फिरून भरले होते. अर्जावरची माहिती आम्ही जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायची, कार्डांच्या पेट्या मांडीवर घेऊन पुण्याला जायचं, आणि तिथल्या संगणकाने वय, शिक्षण, पीक यांचे तक्ते छापून द्यायचे. पुण्याच्या यंत्रावर पाळी मिळेना म्हणून काही पेट्या मुंबईच्या यंत्रावर चालवल्या. प्रोग्राम तोच, कार्डं आमचीच. पुण्याने छापलं की निम्म्याहून अधिक मुलं एक जूनला जन्मली. मुंबईने छापलं की सहा जानेवारीला. शिवाय मुंबईच्या यंत्राने खूपशी कार्डं बाहेर फेकून दिली होती.

वरिष्ठ तीन दिवस त्या फेकलेल्या कार्डांशी बसले. चौथ्या दिवशी मला हाक मारली. "अहो ग्रॅज्युएट, बारा तारखेनंतर जन्मलेला एकही माणूस मुंबईला मान्य नाही. का?" मी नेहमीप्रमाणे होय सर म्हणालो. मग त्यांनीच उलगडून सांगितलं: ते यंत्र ज्या देशात बनलं तिथे महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. त्यामुळे आमचा एक-सहा तिथे सहा जानेवारी झाला, आणि पंधरा तारीख म्हणजे पंधरावा महिना, तो त्याला कळेना. आम्ही पुन्हा मुंबईला गेलो, दिवसाभराने आमची पाळी आली, प्रोग्राममधल्या दिवस-महिन्याच्या जागा बदलल्या. आता दोन्ही यंत्रं एकच बोलू लागली. एक जून, एक जून, एक जून.

विभागाच्या मोठ्या साहेबांनी ते कागद पाहिले आणि निकाल दिला, की सर्वेक्षकाने झाडाखाली बसून अर्ज भरले. महिनाअखेर त्याला कामावरून कमी करायचं ठरलं. तो बिचारा येऊन उभा राहिला. "साहेब, मी दर घरी गेल्तो. शाळेचा दाखला डोळ्यानं बघून लिवलंय." साहेबांनी मान वर केली नाही. वरिष्ठांचा मात्र त्याच्यावर विश्वास होता. दोष यंत्रातच आहे असं धरून ते भोकं पाडणाऱ्या यंत्राचे दात तपासत बसले, मला हजारभर कार्डं उजेडापुढे धरायला लावली. माझे डोळे चुरचुरत आणि मनही, कारण खरं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोललो तर आपली नोकरी जाईल या भीतीने मी गप्प होतो. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा मला राहवलं नाही.

"सर, माझीही एक जूनच आहे."

त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या घरी जन्माची घटका-पळं लिहून ठेवलेली. तारीख नसलेला जन्म त्यांना ठाऊकच नव्हता. "मग खरी कोणती?" मी म्हणालो, आई एवढंच सांगते की ज्वारीची खुडणी चालली होती.

दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन माझ्या गावच्या शाळेत गेले. गुरुजी अजून तिथेच होते. वरिष्ठांनी विचारलं, इतक्या खोट्या तारखा कशा लिहिल्यात? गुरुजी शांतपणे म्हणाले, "शाळा जूनमधी भरती. सहा वर्सं पुरी पायजेत. तारीख न्हाई म्हून पोराला दाराबाहीर ठिवू?" वरिष्ठांनी गुरुजींकडून तेवढं लिहून घेतलं.

साहेब म्हणाले, हे पत्र म्हणजे पुरावा नव्हे. तेव्हा वरिष्ठांनी अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, आपली जन्मतारीख?" साहेबांनी पुढ्यातलं पत्र उचलून फायलीत घातलं. मग म्हणाले, "राहू द्या त्याला कामावर." आणि ज्या माणसाने परक्याच्या लग्नातली पंचमी सोडली नाही, त्याने त्या सगळ्या खोट्या तारखांच्या यादीखाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही केली.

वर्षभराने त्यांची निवृत्ती आली. तेव्हाच्या नियमाने ज्या दिवशी अठ्ठावन्न पुरी, त्या दिवशी माणूस घरी. आम्ही बाकीचे बहुतेक जण एक जूनचे, कधीतरी गटागटाने सुटणार होतो, एकमेकांच्या सोबतीने. त्यांची तारीख खरी, म्हणून ते एकटेच गेले, कार्तिकातल्या एका साध्या मंगळवारी, हातातलं काम अर्धं टाकून. बसपर्यंत त्यांची पिशवी त्या सर्वेक्षकानेच नेली.