कप्तान जिन्याने निघाले

नऊ मजली कचेरीत लिफ्ट चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कप्तान म्हणत. कडक कॉलरचा सदरा आणि स्टुलावर बसण्याचा रुबाब असा, की आत शिरणारा आपोआप पोट आत घेई. जन्मभर त्यांनी लोकांना वर चढवलं, स्वतः मात्र पायरीला पाय लावला नाही. जेवण झालं की मागच्या दारी सिगारेट, मग पुन्हा स्टूल.

एके दिवशी लिफ्ट बंद पडली. कप्तान तोऱ्यात जिन्याने निघाले आणि पहिल्याच वळणावर मटकन खाली बसले. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. वेळीच उपचार झाले, जिवावरचं औषधांवर निभावलं, पण हृदय दमलेलं निघालं.

डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्या वयाची. तिने खुर्ची जवळ ओढली. "काका, हृदयाच्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात, हजारोंनी. अन्न आणि प्राणवायू वापरून तेच ताकद तयार करतात. ते करताना थोड्या ठिणग्या उडतातच. शरीर त्या विझवतं. पण सिगारेट ओढली, बसून राहिलं, की ठिणग्या वाढतात आणि विझवणारे कमी पडतात. मग त्या कणांनाच चटके बसतात. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात."

"म्हणजे मी बसून खातो, तर तेही बसून खातात?" कप्तानांनी विचारलं.

"जसा धनी तसे चाकर!" बायको कोपऱ्यातून म्हणाली.

मेहुण्याने अँटिऑक्सिडंट गोळ्यांची भलीमोठी बाटली आणली होती. डॉक्टरीणबाईने ती उलटसुलट करून पाहिली. "यांनी हृदय सुधारतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. माझी औषधं घ्या, सिगारेट सोडा आणि मी सांगेन तसं हळूहळू चालणं वाढवा. व्यायामाने नवे कण तयार होतात आणि ठिणग्या विझवायची ताकदही वाढते."

मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. बाटली त्याच्याच पिशवीत परत गेली.

सिगारेट सुटली तेव्हा कप्तान घरात भिंतींवरसुद्धा खेकसत. बायकोने कानाडोळा केला. आधी सपाट रस्त्यावर फेऱ्या झाल्या, मग परवानगी मिळाली तसा कचेरीचा जिना. "तुमच्यावर नजर ठेवायला येते," म्हणून ती सोबत निघाली आणि त्यांच्याआधी तिलाच धाप लागली. दोघं कठड्याला टेकून खो-खो हसत बसली. हळूहळू एकाचे दोन मजले झाले, दोनाचे तीन. त्यांचं पाहून कारकूनही जिन्याने येऊ लागले, तेव्हा कप्तान लिफ्टमधून ओरडले, "अहो, माझ्या पोटावर पाय देता काय?"

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईने पडद्यावर त्यांचं हृदय दाखवलं. पूर्वीपेक्षा चांगला जोर लावत होतं. "शाब्बास रे गड्यांनो," कप्तान पडद्याकडे पाहून पुटपुटले. डोळे पाणावले, तसं त्यांनी चष्म्याचं निमित्त केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं थांबत थांबत थेट गच्चीवर पोचली. खाली सारं शहर उन्हात पसरलेलं, दूरवर नदीची लकाकी.

"इतकी वर्षं वर-खाली केलंत, आणि हे कधी पाहिलं नाहीत?"

"लिफ्टला खिडकी नसते गं."

ती हसली. पिशवीतलं संत्रं सोलून तिने मोठा वाटा त्यांच्या हातावर ठेवला.