प्रश्नचिन्हाला कोड नसतो

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली साठतात. ठरलेली मुदत संपली की त्या रद्दीत जातात. किस्से मात्र जात नाहीत, त्यांना मुदतच नसते! जळगावातल्या एका हॉस्पिटलात मी मेडिकल कोडर आहे. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेला आजार मी ठरलेल्या आकड्यांत मांडते. मोबाईल दुरुस्त करत नाही. हे धुळ्याच्या माझ्या मावससासूंना अजून पटलेलं नाही.

*

आमचे छातीचे मोठे सर हुशार, पण सावध माणूस. फुफ्फुसात बुरशी झाल्याचा संशय आला की आधी प्रश्नचिन्ह काढतात आणि मग 'फंगल' लिहितात. आमच्याकडे नियम असा, की संशयाला कोड द्यायचा नाही. एकदा दहाबारा फायली घेऊन मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, प्रश्नचिन्हाला कोड नसतो."

"मग बुरशीला सांगा," सर एक्स-रेवरून नजर न काढता म्हणाले, "यायचं तर नीट नाव सांगून ये म्हणावं!"

*

बुरशीच्या पेशंटला घरी पक्षी आहेत का, हे विचारायचं असतं. एका पेशंटकडे खरोखरच कबुतरं होती. ज्युनियर डॉक्टरांनी तेच पान कॉपी-पेस्ट केलं आणि आठवडाभर सगळ्या वॉर्डाच्या घरी कबुतरं आली.

"ताई, एवढी कबुतरं असती तर हॉस्पिटलचं छप्पर उडून गेलं असतं!" आमचे भास्करभाऊ म्हणाले. भाऊ पाचोऱ्याहून रोज रेल्वेने येतात आणि रेकॉर्डची खिडकी सांभाळतात.

खात्री करायला मी त्यातल्याच नरडाण्याच्या एका शेतकरी पेशंटला फोन लावला. ते जरा विचारात पडले.

"मांजर शे ना घरमा, ताई. कबुतर टिकी का तठे?"

*

याच खिडकीवर भडगावकडचे एक नाना आले. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता, तो औषधांनी पूर्ण बराही झाला. आता इतक्या वर्षांनी खोकल्यातून रक्त पडलं, आणि फाइलवर सरांची दोन प्रश्नचिन्हं उमटली. एक टीबीपुढे, एक बुरशीपुढे.

"बठ्ठा गाव म्हनस, नानाले टीबी शे," नाना सांगत होते. "मनं ताट येगळं, पेला येगळा. नात दोन वरीसनी शे, सून तिले मनाजोडे येऊ देस नही. पोरी, तू लिही दे ना, माले टीबी नही म्हणीसन!"

मला वाईट वाटलं. तरी सांगावंच लागलं, "नाना, डॉक्टर लिहितात तेवढंच मी लिहिते. मनानं काही लिहिता येत नाही."

नानांनी माझ्याकडं पाहिलं, कॉम्प्युटरकडं पाहिलं.

"मंग तू आठे बशीसन काय करस?"

*

नानांची थुंकी तपासायची ठरली. सकाळी उठल्या उठल्या खोकून नमुना डबीत घ्या आणि घेऊन या, असं सांगून त्यांना डबी दिली. दुसऱ्या दिवशी डबी अगदी भरून आली. लॅबवाली खूश झाली. "छान नमुना दिलात हो, नाना!"

"मना नही तो," नाना म्हणाले. "माले सकायले खोकलाच उना नही. धाकला भाऊले भारी खोकला शे, त्यानाच लई उनू!"

नानांना पुन्हा नवी डबी मिळाली.

*

मग सरांनी स्वतः बसून नानांची चौकशी केली. कुजका चारा, भिजलेला कडबा, बुरशीला हे सगळं मानवतं. मी तेव्हा दुसऱ्या फायलींवर सह्या घ्यायला तिथंच उभी होते.

"नाना, कडब्याला हात लावता का?"

"लावस नही, साहेब. त्यावर जपस."

आमच्याकडं जपणं म्हणजे झोपणं. सरांचा पेन थांबला.

"कडब्यावर? का?"

"घरमा कोन जपू देस?"

सरांनी त्याच दिवशी स्कॅन करून घेतला.

*

नव्या डबीतला नमुना नानांचाच होता. रिपोर्ट आले. टीबी कुठंही नव्हता. जुन्या टीबीनं फुफ्फुसात पोकळी करून ठेवली होती, तिच्यात बुरशीचा गोळा झाला होता. सरांनी दोन्ही प्रश्नचिन्हं खोडली. पेशंटला द्यायचा सारांश इंग्रजीत छापला जातो, पण त्याखाली त्यांनी पेनानं मराठीत लिहिलं: 'हा टीबी नाही. बुरशी आहे. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.' खाली सही केली, शिक्का मारला.

मी कोड टाकला. भास्करभाऊंनी ती ओळ नानांना दोनदा वाचून दाखवली. नानांनी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"सांभाळा हो, नाना," भाऊंनी बजावलं. "पुढच्या तपासणीला लागेल."

तपासणीच्या दिवशी नाना पुन्हा खिडकीवर. औषध लागू पडलं होतं, चेहरा तुकतुकीत दिसत होता.

"तो कागद परत छापी दे, पोरी."

"आधीचा कुठं गेला?"

"नातनी फाडी टाका."

भाऊ तडकलेच. "अहो नाना, एवढं बजावलं होतं! खिशातला कागद त्या पोरीच्या हाती लागलाच कसा?"

नाना खिडकीशी वाकले.

"मांडीवर बठेल व्हती ना!"