मोगऱ्याचा रेनकोट

पिशवीच्या आतून थेंब ओघळत होते आणि मी बाल्कनीत उभा राहून स्वतःवर खूश होतो. बायको माहेरी गेली होती आणि तिचा लाडका मोगरा माझ्या हवाली होता. मे महिन्याच्या उन्हात त्याचं पाणी उडू नये म्हणून मी अख्ख्या रोपाला प्लॅस्टिकची पिशवी घालून खाली सुतळी आवळली होती. मुळांनी प्यायलेलं पाणी पानं हवेत सोडतात, एवढं शाळेतलं आठवत होतं. आता ते माझ्या कैदेत होतं!

संध्याकाळी बायकोने येऊन सुतळी सोडली, तर इडलीपात्र उघडावं तशी वाफ आली. पानं शिजलेल्या पालकासारखी लोळत होती.

"अहो, हे काय केलंत?"

"पाणी वाचवलं."

ती आत जाऊन माझा रेनकोट घेऊन आली. "घाला, आणि बसा त्याच्या शेजारी."

बसलो. क्षणात पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. पानं पाणी उधळत नाहीत, ते हवेला देऊन स्वतःला गार ठेवतात, हा धड्याचा उरलेला भाग तेव्हा कुठे समजला. वाऱ्याची झुळूक आली. शेंड्याचं एक कोवळं पान जरासं उचललं गेलं.

"आता काढू का गं?"

"मला काय विचारता? त्याला विचारा."