खंडेनवमीला दिलेला शब्द

खंडेनवमीला आमच्या हडपसरच्या कारखान्यात यंत्रांची पूजा होत असे. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी वेल्डिंग विभागात नवा रोबो आला. सगळ्यांत जुन्या वेल्डरने त्याच्या पिवळ्या हाताला झेंडूचा हार घातला आणि विचारलं, "साहेब, याला नैवेद्य काय दाखवायचा? ग्रीस?"

सगळे हसले. मग नारळ हातात धरून तो थांबला. "फोडण्याआधी एकदा सांगा. आमचं काय?"

"एकाचीही नोकरी जाणार नाही," मी म्हणालो.

कमी करायच्या माणसांची यादी तेव्हा माझ्या खणात होती. मीच केलेली. त्यात पहिलं नाव त्याचं होतं.

माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी दिवाळी केली. कारखान्याच्या फाटकासमोर माझ्या मुलाचं फ्रीज-टीव्हीचं दुकान. त्या आठवड्यात त्याला जेवायला फुरसत नव्हती. उन्हाळ्यापर्यंत विभाग रिकामा झाला. पुढच्या दिवाळीत लोक दुकानात आले ते जुना मिक्सर दुरुस्त होईल का, एवढंच विचारायला. शेजारच्या वडेवाल्याने गाडी हलवली, मग सलून बंद झालं.

"सगळे मोबाइलवरून मागवतात, बाबा," मुलगा म्हणायचा. मी मान हलवायचो. तो एखाद्या जुन्या कामगाराशी बोलताना दिसला की मी तिथूनच मागे फिरायचो. अशी पाच वर्षं गेली.

आज दुपारी त्याने माझ्यापुढे कागद ठेवले. दुकानात माल भरायला हे कोथरूडचं घर गहाण टाकायचं होतं.

"यंदा गिऱ्हाईक परत येईल. सही करा."

मी पेन खाली ठेवलं. "नाही येणार," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

तो उठून खिडकीपाशी गेला. "यादी करताना माझं दुकान आठवलं नाही?"

"नाही. ती माणसं तुझी गिऱ्हाइकं आहेत, हे डोक्यातच आलं नाही."

"त्यांची बायकापोरं तरी आली होती का डोक्यात?"

मी कागद त्याच्याकडे सरकवले.

"कारखान्यातल्या उरलेल्या लाइनवरही रोबो बसणार म्हणतात. खरं का?"

"खरं आहे."

त्याने कागद फाडले नाहीत, नीट घडी करून खिशात ठेवले. "छान. आता हे तुमच्या सुनेलाही तुम्हीच सांगा. दुकानासाठी तिचे दागिने मी आधीच मोडलेत."

सून सहाला ऑफिसातून येते. साडेपाच वाजून गेलेत. लिफ्ट वर आली की मी दाराकडे बघतो.